वाटाड्या गावचाच हवा!

मुलांनो, 'वाटाड्या' हा शब्द तुम्ही ऐकलाय का? हल्ली सगळे 'गाईड' म्हणतात. घरी आजोबांना विचारा, त्यांना नक्की माहीत असेल. पूर्वी रानातून, घाटातून अनोळखी मुलखात जायचं झालं की वाटेवरच्या गावातला एखादा जाणता माणूस बरोबर घेत. नदीला उतार कुठं आहे, कुठल्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असतं, कुठल्या खिंडीतून दिवस मावळायच्या आत बाहेर पडलं पाहिजे, हे सगळं त्याला तोंडपाठ असायचं. वाट दाखवायचा म्हणून तो वाटाड्या.

आज आपण या वाटाड्याविषयी बोलणार आहोत. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात आज कितीतरी तरुण मुलं-मुली वाटाड्याचं काम करून घर चालवतात. तुम्ही म्हणाल, परभणीच्या काळ्या सपाट रानात राहणाऱ्या आम्हाला त्या डोंगर-जंगलांचं काय?

त्याचं असं आहे. दसरा झाला की आपल्याकडं गंगाखेड, पालम, जिंतूर भागातल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात. वर्गात हजेरी घेताना मधलीच काही नावं गप्प राहतात. गावात काम नसलं की माणूस कामाच्या मागं जातो आणि त्याच्या मागं लेकरू जातं. लेकराची शाळा मात्र इथंच राहते. डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवरही हेच होतं. भात कापून झालं की माणसं वीटभट्ट्यांवर, बागायतीच्या मुलखात मजुरीला उतरतात.

मग मनात येतं, माणसानं कामाकडं जाण्याऐवजी कामच माणसाच्या दारात आलं तर? पर्यटन हे असं दारात येणारं काम आहे. पण त्यात एक मेख आहे. ती कळावी म्हणून आधी एक गणित करू. घ्या पाटी-पेन्सिल!

पाटीवरचं गणित

यातले आकडे माझ्या मनचे आहेत, नुसते हिशोबापुरते.

समजा, चार माणसांचं एक कुटुंब दोन दिवस जंगल पाहायला गेलं. त्यांनी १०,००० रुपये खर्च केले.

पहिला प्रकार. ते शहरातल्या मालकाच्या हॉटेलात उतरले : ५,००० रुपये. गाडी शहरातून आणली : ३,००० रुपये. जेवणाचा सगळा माल शहरातून आला : १,५०० रुपये. गावातल्या टपरीवर चहा घेतला आणि हॉटेलात झाडलोट करणाऱ्या गावच्या बाईला मजुरी मिळाली, ते ५०० रुपये. म्हणजे गावात राहिले फक्त ५००.

दुसरा प्रकार. तेच कुटुंब गावातल्याच एका घरी राहिलं : ३,००० रुपये. तिथंच भाकरी-पिठलं, रानभाजी जेवलं : २,००० रुपये. गावच्याच मुलाची गाडी घेतली : ३,००० रुपये. गावचाच वाटाड्या घेतला : १,००० रुपये. निघताना मध आणि बांबूची टोपली विकत घेतली : १,००० रुपये. झाले दहा हजार. आता यातून डिझेल आणि तेल-मीठ-साखरेचे मिळून ३,००० रुपये बाहेर गेले असं धरू. तरी गावात राहिले ७,०००!

पाहुणे तेच, जंगल तेच, खर्चही तेवढाच. पण एकदा गावाला मिळाले ५०० आणि एकदा ७,०००. किती पट झाले? चौदा पट.

गोष्ट इथंच संपत नाही. वाटाड्यानं मिळालेल्या पैशातून मुलीसाठी गावातल्या दुकानातून वह्या घेतल्या. दुकानदारानं त्या पैशातून शिंप्याकडून सदरा शिवून घेतला. शिंप्यानं शेजारच्या काकूंकडून दूध घेतलं. एकच रुपया गावात दार-दार हिंडला आणि प्रत्येक दारात काहीतरी ठेवून गेला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला 'गुणक परिणाम' असं भारदस्त नाव आहे. आपण म्हणू, रुपयाची फेरी. जो रुपया आल्या पावली शहरात परत जातो, त्याची फेरी होतच नाही.

ती मेख हीच. नुसते पाहुणे आले म्हणून गाव सुधारत नाही. पाहुण्यांची कामं कुणाच्या हातात आहेत, यावर सगळं ठरतं. आणि काम हातात यायचं तर ते आधी शिकावं लागतं.

ताडोबाचे वाटाडे

चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली झालं. पुढं शेजारचं अंधारी अभयारण्य त्याला जोडून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. या प्रकल्पाचे दोन भाग आहेत. आतला गाभा म्हणजे 'कोअर', तो सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा. त्याच्या भोवती 'बफर', तो सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचा. बफरमध्ये जंगलही आहे, शेतीही आहे आणि गावंही आहेत. या गावांत गोंड, माना आणि इतर समाजाची माणसं राहतात.

ताडोबा हे नावसुद्धा गोंडांच्या देवाचं. तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, अशी दंतकथा आहे. त्याचं ठाणं तिथल्या तळ्याकाठी आहे. त्या तारूचा झाला ताडोबा. म्हणजे ज्या जंगलाच्या नावानं देशोदेशीचे लोक येतात, ते नाव तिथल्या आदिवासींनी दिलेलं.

ताडोबात फिरायचं तर मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा फाटकांवरून आत जावं लागतं. सकाळी एक फेरी, दुपारी एक. मंगळवारी सुट्टी. आणि तिथला एक नियम फार मोलाचा आहे. प्रत्येक गाडीत नोंदणी झालेला एक वाटाड्या असलाच पाहिजे, आणि हे वाटाडे आसपासच्या गावांतले असतात. मुंबईहून कितीही मोठा माणूस आला आणि कितीही महागडा कॅमेरा घेऊन आला, तरी त्याच्या गाडीत शेजारच्या गावातला मुलगा किंवा मुलगी बसणारच! हो, मुलीसुद्धा. ताडोबात आता स्त्रिया वाटाड्याचं काम करतात. काहींनी तर जंगलात पर्यटकांची गाडी चालवायचंही प्रशिक्षण घेतलं आहे.

एका नियमानं किती फरक पडतो बघा. नियम नसता तर शहरातली शिकलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं ती जागा घेऊन बसली असती. नियमानं दार उघडलं. पण दारातून आत जाण्यासाठी तयारी लागते. ती कशी होते?

रानाचं पुस्तक

वाटाड्याला नेमकं काय काय यावं लागतं? मी यादी केली, तर ती आपल्या शाळेच्या वेळापत्रकासारखीच झाली.

विज्ञान : चितळ ओरडलं, सांबर ओरडलं, झाडावरचं वानर खाकरलं, तर ते काय सांगतात? वाघ-बिबट्या जवळपास असला की ही जनावरं इशारा देतात. त्यातही सांबराचा इशारा फारसा चुकत नाही. वाटाडा कान देऊन गाडी कुठं थांबवायची ते सांगतो.

वनस्पती : ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी चिरलेली असते. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. तेंदूच्या पानांची विडी होते.

चित्रकला : वाघाच्या अंगावरचे पट्टे! जगातल्या कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, जसे आपल्या बोटांचे ठसे. त्या पट्ट्यांवरूनच कुठला वाघ कुठला, ते ओळखतात.

भाषा : पाहुणा पुण्याचा, बंगालचा, जर्मनीचा, कुठलाही असू शकतो. मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी यावं लागतं.

आरोग्य : कुणाला चक्कर आली, मधमाश्या चावल्या, तर प्रथमोपचार.

आणि शेवटचा विषय, सगळ्यात अवघड : मूल्यशिक्षण! पाहुणा म्हणतो, "जरा गाडी जवळ घे, शंभर रुपये जास्तीचे देतो." तेव्हा हसतमुखानं 'नाही' म्हणता आलं पाहिजे. वाघाच्या जास्त जवळ जायचं नाही, गाडीतून उतरायचं नाही, गोंगाट करायचा नाही.

आता गंमत बघा. या यादीतले पहिले दोन विषय आदिवासी मुलाला शाळेत जाण्याआधीच निम्मे येत असतात. आजीबरोबर मोहफुलं वेचताना, बापाबरोबर गुरं राखताना तो हे शिकलेला असतो. आपण मात्र त्याला शिक्षण म्हणत नाही! 'अमुक पोरगा दहावी नापास' एवढंच म्हणतो. दोनशे झाडं ओळखणारा मुलगा अडाणी कसा? त्याच्याजवळ जे आहे त्याला थोडी जोड हवी असते : झाडाचं शास्त्रीय नाव, चार माणसांसमोर बोलायचा सराव, इंग्रजीची वाक्यं, हिशोब. प्रशिक्षण म्हणजे ही जोड.

त्याच्या भाषेचंही तसंच आहे. गोंडी ही तेलुगू-कन्नडच्या कुळातली, म्हणजे द्राविडी भाषा. मेळघाटातले कोरकू जी कोरकू बोलतात, ती पार झारखंडातल्या मुंडारी, संथाळीच्या कुळातली. कोरकू शब्दाचा अर्थच मुळी 'माणसं'. वर्गात एखादं मूल घरची भाषा बोललं तर हसू नका. उद्या तेच मूल पाहुण्याला सांगेल, "या ओढ्याचं आमच्या भाषेतलं नाव हे, आणि त्याचा अर्थ असा." ती माहिती दुसऱ्या कुणालाच सांगता येणार नाही.

हमालाचा झाला गुरू

आदिवासी आणि डोंगराळ भागातल्या माणसांना बाहेरचे लोक बहुतेक वेळा ओझं वाहायला बोलावतात. हिमालयात शेर्पा लोकांचं असंच होतं. गोऱ्या साहेबांच्या मोहिमा यायच्या आणि शेर्पा पाठीवर ओझी घेऊन बर्फ चढायचे. तेनसिंग नोर्गे हे नाव तुम्हाला माहीत आहेच. १९३५ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ते ओझी वाहायलाच गेले होते. २९ मे १९५३ ला एडमंड हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. हे सगळ्यांना पाठ आहे. पुढची गोष्ट मात्र फार कमी मुलांना ठाऊक असते.

१९५४ साली दार्जिलिंगला हिमालयीन गिर्यारोहण संस्था सुरू झाली. भारतातल्या तरुणांना गिर्यारोहण शिकवणारी ही शाळा. आणि तिथं प्रत्यक्ष डोंगरावर शिकवण्याची जबाबदारी कुणावर होती? तेनसिंग यांच्यावर! औपचारिक शाळा न शिकलेला माणूस गिर्यारोहणाच्या शाळेचा गुरू झाला. ओझं वाहणारा, मग वाट दाखवणारा, मग शिकवणारा. आदिवासी भागातल्या प्रत्येक वाटाड्याला या तीन पायऱ्या चढता आल्या पाहिजेत. पहिल्याच पायरीवर ठेवणारं पर्यटन काय कामाचं?

काजव्यांचं गाव आणि पाळीचा नियम

आता ताडोबातून सह्याद्रीत येऊ. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुका आहे. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) याच भागात. इथं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं आहेत. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच मातीतले. १८४८ साली त्यांना ठाण्याला फाशी झाली.

मे संपता-संपता, पहिल्या पावसाच्या आधी, भंडारदऱ्याच्या परिसरात झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. काजव्याच्या पोटाखाली एक रसायन असतं. त्याची हवेतल्या प्राणवायूशी गाठ पडली की उजेड होतो. या उजेडात उष्णता जवळजवळ नसतेच. नर उडता-उडता लुकलुकतो आणि मादी उत्तर देते. म्हणजे ते काजव्यांचं बोलणं आहे!

हे पाहायला शहरातून झुंडीनं लोक येतात. याच तालुक्यातल्या पुरुषवाडीनं एक छान रीत बसवली. पाहुणे हॉटेलात नाही, घरोघरी उतरतात. कुणाकडं उतरायचं ते पाळीनं ठरतं. आज या घरची पाळी, उद्या त्या घरची. त्यामुळं ज्याचं घर रस्त्यालगत आहे किंवा जो बोलण्यात हुशार आहे, त्यालाच सगळे पाहुणे मिळाले असं होत नाही. आपण वर्गात फळा पुसायची पाळी लावतो ना, तसंच.

घरच्या बाईला यात फार काही नवं शिकावं लागत नाही असं वाटेल. पण लागतं. पाणी गाळून-उकळून देणं, अंथरूण-पांघरूण स्वच्छ ठेवणं, जेवणाचा दर आधीच सांगणं, हिशोब लिहून ठेवणं, हे सगळं शिकावं लागतं. नाचणीची भाकरी मात्र तिची तिलाच येते. ती शहरातल्या आचाऱ्याला शिकवावी लागेल!

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. पण त्यांची बियाण्यांची बँक पाहायला दूरदूरची माणसं येतात, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आजीबाईच्या गाडग्यातलं बियाणंसुद्धा ज्ञान असतं, ते असं.

भिंतीवरून जगभर

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, जव्हार भागात वारली लोक राहतात. लग्नघरी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्रं काढायची त्यांची जुनी रीत. हे काम स्त्रियांचं. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तिथं गेले आणि त्यांनी वारली लोकांना कागद-रंग दिले. तिथंच त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. लहानपणी आई गेल्यावर जिव्यांनी कित्येक वर्षं बोलणं टाकलं होतं, ते मातीत चित्रं काढून मनातलं सांगायचे. त्या जिव्यांची चित्रं पुढं देशोदेशी गेली. २०११ साली ते पद्मश्री झाले. २०१८ साली ते वारले.

आज डहाणूकडं जाणारा पाहुणा वारली चित्र घेतल्याशिवाय येत नाही. चित्र काढणं, ते पाहुण्याला शिकवणं, तारपा नाचाची माहिती देणं, यावर कितीतरी घरं उभी आहेत. पण इथंही मेख आहेच. कुणीही कारखानदार यंत्रावर वारली नक्षी छापून चादरी विकतो, तेव्हा वारल्यांना काय मिळतं? काहीच नाही! म्हणून वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही कला या मुलखाची, या लोकांची, अशी ती कायद्यानं केलेली नोंद आहे. तुम्ही बाजारात गेलात तर विचारा, "हे कुणी काढलंय?" नाव सांगता आलं तर घ्या.

सोफियाचं घर

ही गोष्ट एकट्या महाराष्ट्राची नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी नावाचे मूळ रहिवासी आहेत. तारावेरा डोंगराजवळ गरम पाण्याच्या झऱ्यांनी तयार झालेल्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या होत्या. त्या पाहायला युरोपातून लोक जायचे. सोफिया हिनेरांगी ही माओरी बाई तिथली नामांकित वाटाडी होती. १० जून १८८६ च्या रात्री तारावेराचा स्फोट झाला. राख-दगडांचा पाऊस पडू लागला. सोफियाचं घर मजबूत होतं. साठाहून जास्त माणसं त्या रात्री तिच्या घरात जीव मुठीत धरून बसली आणि वाचली. त्या सुंदर पायऱ्या मात्र गडप झाल्या.

पाहण्यासारखं ठिकाणच गेलं. आता? वाचलेली काही माणसं रोटोरुआजवळ गेली आणि तिथल्या गरम झऱ्यांपाशी सोफियानं पुन्हा वाटाड्याचं काम धरलं. ठिकाण गेलं, पण अंगातली विद्या गेली नव्हती! पुढं १९६३ च्या कायद्यानं रोटोरुआला माओरी कला शिकवणारी संस्था झाली. तिथं माओरी तरुण लाकडावरचं कोरीवकाम शिकतात, आणि त्यासाठी लागणारा पैसा मुख्यतः पर्यटकांकडूनच येतो. पाहुण्याच्या पैशातून पुढच्या पिढीचं शिक्षण. रुपयाची फेरी आठवली ना?

आपल्याकडंही तशी सोय आहे. व्याघ्र प्रकल्पांना स्वतःचं प्रतिष्ठान असतं. पर्यटकांच्या शुल्काचा पैसा त्यात येतो आणि तो जंगलासाठी, आसपासच्या गावांसाठी वापरायचा असतो. २०१५ साली महाराष्ट्रात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनाही सुरू झाली. जंगलाकाठच्या गावांना गॅस, प्रशिक्षण, रोजगार मिळावा हा तिचा हेतू.

नाण्याची दुसरी बाजू

सगळं छान-छानच आहे असं मात्र समजू नका. पालकांनीही हा भाग वाचावा.

पहिलं, हे हंगामी काम आहे. पावसाळ्यात, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत ताडोबाचा गाभा बंद असतो. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा तर सगळीच फाटकं बंद झाली. ज्यांच्याकडं शेती होती, शेळ्या होत्या, ते तगले. म्हणून एकाच खांबावर घर उभं करू नये.

दुसरं, वाघ पाहुण्याला गाडीतून दिसतो, गावकऱ्याला पायवाटेवर. मोहफुलं किंवा तेंदूपानं वेचायला गेलेली माणसं दर वर्षी वाघाच्या हल्ल्यात जातात. चंद्रपूर जिल्ह्यात हे दुःख फार मोठं आहे. बोटेझरी, जामणी यांसारखी गावं तर गाभ्यातून उठवून बाहेर वसवली गेली. वाघासाठी ज्यांनी एवढं सोसलं, वाघावरच्या कमाईत त्यांचा वाटा पहिला. तो उपकार नाही, हक्क आहे.

तिसरं, सगळ्यांना वाटाड्या होता येत नाही. ज्याच्याकडं गाडी आहे तो जास्त कमावतो, ज्याच्याकडं काहीच नाही तो झाडू मारतो. म्हणून पाळीचा नियम हवा, म्हणून प्रशिक्षण फुकट किंवा स्वस्त हवं, म्हणून मुलींना आधी बोलवायला हवं.

चौथं आणि महत्त्वाचं : माणसं म्हणजे प्रदर्शनातल्या वस्तू नव्हेत. आदिवासींच्या घरात न विचारता शिरणं, "जरा नाचून दाखवा" म्हणणं, परवानगीशिवाय आजीबाईचा फोटो काढणं, हे पर्यटन नव्हे. आपल्या घरी कुणी अनोळखी माणूस आला आणि आजीच्या तोंडासमोर मोबाईल धरला, तर आपल्याला कसं वाटेल?

आपल्या जवळचं

परभणीहून फार लांब जायला नको. हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीतच होता. तिथल्या कळमनुरी, औंढा भागात आंध आदिवासींची गावं आहेत. शेजारी नांदेडच्या किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम, आंध राहतात. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे, माहूरची रेणुकामाता, हे सगळं त्याच पट्ट्यात. वर्षभर भाविकांची रीघ असते. पण दर्शन घेऊन, नारळ फोडून गाडी सरळ परत फिरते. आसपासच्या पाड्यांवर काय आहे, हे सांगणारा वाटाड्या तिथं किती जणांना भेटतो? पाहुणे आहेत, जंगल आहे, ज्ञान आहे. मधला दुवा हवा.

आणि आपली परभणी? 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण अभिमानानं म्हणतो. पण पाहुणा आला आणि त्यानं विचारलं, "काय पाहू?" तर आपण डोकं खाजवतो! चारठाण्याची जुनी मंदिरं, धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर, जिंतूरजवळच्या नेमगिरीची जैन लेणी, गंगाखेडचं जनाबाईंचं स्थान, पूर्णा नदीवरचं येलदरीचं धरण. यांतल्या किती ठिकाणी गावातला मुलगा पुढं येऊन दहा मिनिटं नीट माहिती सांगतो? तो सांगू लागला तर कदाचित एखादं बिऱ्हाड तरी कारखान्यावर जायचं टळेल. लगेच नाही, सगळ्यांचं नाही. पण एक कुलूप कमी लागलं, तरी एक नाव हजेरीत बोलेल.

करून पाहा

१. तुमच्या गावातलं एक जुनं ठिकाण निवडा : मंदिर, मशीद, बारव, वाडा, झाड, काहीही.

२. गावातल्या तीन म्हाताऱ्या माणसांना त्याविषयी विचारा. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. तिघांचं सांगणं जुळलं नाही तर तेही लिहा.

३. आता दुसऱ्या गावच्या एका मित्राला किंवा मैत्रिणीला तिथं न्या आणि दहा मिनिटं माहिती सांगा. पाठ करून नाही, बोलत-बोलत. त्यानं विचारलेल्या ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आलं नाही, तो लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शोधा.

४. त्याला तहान लागली, भूक लागली, तर गावात कुठं काय मिळेल? दुकान, दूध, पेरू, भाजलेली ज्वारीची कणसं, हुरडा, जे असेल त्याची यादी करा. यादीतली कुठली वस्तू गावचीच आहे आणि कुठली बाहेरून येते, त्यापुढं खूण करा.

खुणा मोजा म्हणजे कळेल, तुमच्या गावात रुपया किती फेऱ्या मारतो ते. वही पुरी झाली की शाळेत बाईंना, गुरुजींना दाखवा.